डाग आणि पंगत

कातडीवरच्या खुणांना आमच्याकडं नावं भरपूर. चामखीळ, तीळ, वांग, नायटा, गजकर्ण, खरूज, करट, केसतोड, नखुरडं, कुरूप, घट्टा, भेग, कोड. शाळेचं तोंड न पाहिलेली आमची आजी यातला प्रत्येक शब्द नेमका वापरायची. केसाच्या मुळाशी पिकलं तर केसतोड, नखाच्या कडेला ठसठसलं तर नखुरडं, तळपायात खडा रुतल्यागत टोचलं तर कुरूप. खुणा ओळखण्यात गाव हुशार होतं. पण ओळखल्यावर त्या माणसाचा जो न्याय व्हायचा, त्यात मोठा घोळ होता.

आधी कातडी म्हणजे काय ते बघू. जो थर आपण रोज आरशात बघतो तो मेलेल्या पेशींचा असतो. खाली नव्या पेशी तयार होतात, वर सरकतात, मरतात आणि झडतात. महिनाभराच्या आसपास वरचं सगळं कातडं बदलतं. हा वरचा थर, केस आणि नख एकाच जातीच्या प्रथिनाचे बनलेले. बैलाचं शिंग अन् शेळीचं खूरही त्याचंच. बोटाचं नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढतं, पायाचं त्याहून सावकाश. रंगाचं म्हणाल तर रंग तयार करणाऱ्या पेशी गोऱ्या आणि काळ्या माणसात जवळजवळ सारख्याच संख्येनं असतात. त्या रंग किती आणि कसा तयार करतात एवढाच फरक. ज्या 'गोऱ्यापान'साठी आपल्याकडं लग्नं जुळतात अन् मोडतात, त्याचा आधार एवढाच.

आता गावाचा न्याय बघा. खरूज ही खरोखर पसरणारी. डोळ्याला न दिसणारा किडा बोटांच्या बेचक्यात कातडी पोखरून बसतो, रात्री खाज सुटते, आणि एका अंथरुणातली सगळी पोरं खाजवत सुटतात. पण खरजेची लाज कुणाला नव्हती. "पोरं हायत, व्हायचंच," म्हणून आया गंधक अन् खोबरेल तेल चोळायच्या. नायटाही पसरतो; त्यालाही कुणी वाळीत टाकलं नाही. आणि कोड, जे कुणाकडून कुणाला कधीच जात नाही, त्याला मात्र सगळं गाव भ्यायचं.

आमच्या भावकीतल्या एका आत्तीला कोड होतं. आधी ओठाच्या कडेला, मग दोन्ही हातांवर. ठरलेली सोयरीक मोडली, पुन्हा जमली नाही. घरातल्या रोजच्या भाकरी तीच थापायची आणि सगळे त्या आवडीनं खायचे. पण घरात लग्नकार्य निघालं की तिला परातीपाशी बसू देत नसत. "पाव्हणं काय म्हणतील?" एवढंच कारण. ती गोठ्याकडं जाऊन शेणघाण करायची. एकदा चुलीपुढं बसून ती आजीला म्हणाली, "तव्याचा चटका बसला की मला बी पोळतंय. मग ह्यो त्यो रोग कसा असंल?" आजीकडं उत्तर नव्हतं.

'त्यो रोग' म्हणजे महारोग. आत्तीला कुणी शिकवलेलं नव्हतं, पण तिनं बरोबर खूण धरली होती. कोडात रंगाच्या पेशी नष्ट होतात. बाकी कातडी धडधाकट, स्पर्श कळतो, चटका कळतो. कुष्ठरोगात जंतू मज्जातंतूंना धरतो, म्हणून चट्टा बधिर होतो. आमच्या शाळेत कुष्ठतंत्रज्ञ यायचे. पोरांना डोळे मिटायला लावून चट्ट्यावर कापसाची वात फिरवायचे आणि विचारायचे, कुठं लागलं ते बोट ठेवून दाखव. संशय घेण्याआधी करायची परीक्षा इतकी साधी. पण कोडाला जुन्या लोकांनी 'श्वेतकुष्ठ' म्हटलं आणि एका नावानं दोन रोग एका दावणीला बांधले.

मला वाटतं, खरी चूक नावाच्याही आधीची आहे. शेतात पिकावर डाग दिसला की आपण विचारतो, कशानं आला? करपा आहे, तांबेरा आहे, की पाणी जास्त झालं? माणसावर डाग दिसला की विचारतो, ह्यानं काय केलं असेल? मागच्या जन्मीचं काय, आईबापाचं काय? पिकाच्या बाबतीत आपण कारण शोधतो, माणसाच्या बाबतीत गुन्हा.

"कोड पसरत नाही हो, तिला जवळ करा," असं सांगणं बरोबरच आहे. पण मला ते अपुरं वाटतं. मग पसरणारा रोग असलेल्याला दूर लोटायची मुभा आहे काय? वर्ध्याजवळ सेवाग्राममध्ये परचुरेशास्त्री नावाचे संस्कृत पंडित कुष्ठरोग घेऊन आले. तेव्हा या रोगावर खात्रीचं औषध नव्हतं. गांधींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतलं आणि स्वतःच्या हातांनी त्यांना मालीश केलं. धोका नाही हे कळल्यावर केलेली ती सेवा नव्हती. धोक्याचा विचार करायचाच, पण त्या माणसाला माणसातून न काढता, असं त्यातून मी समजतो.

आज तर काम सोपं झालंय. कुष्ठरोगावर सहा महिने किंवा वर्षभर गोळ्या घ्यायच्या, त्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, आणि औषध सुरू झालं की संसर्गाची भीती लवकरच संपते. तरी या रोगाच्या कारणावरून घटस्फोट मागायची कायद्यातली वाट बंद व्हायला 2019 साल उजाडलं. गोळी शरीरातला जंतू मारते; गावाच्या मनातलं काढायला तिचा उपयोग नाही.

आणि आत्तीच्या परातीला तर गोळीचीही गरज नव्हती. तिला बसू न देणारे कोण परके नव्हते. रोज तिच्याच हातची भाकरी खाणारी, तिच्यापासून काही होत नाही हे वर्षानुवर्षं अनुभवलेली घरची माणसं होती. म्हणजे अज्ञान हे कारण तिथं पुरत नाही. माहीत असूनही चार लोकांसमोर गप्प बसणं, हे त्याचं खरं नाव. बधिर चट्टा दिसला तर दवाखान्यात जावं, डाग डॉक्टरनं तपासावा. पंगतीत कुणाला कुठं बसवायचं, हे ठरवायचं काम मात्र त्याचं नाही. ते आपलं आहे.