घरी म्हणजे नेमकं कुठे?

गाडीचा फ्युएल फिल्टर घरच्या घरी बदलायला शिकवणाऱ्या व्हिडिओंत एक गोष्ट हमखास असते: स्वतःचं गॅरेज. भिंतीवर ओळीने टांगलेले पाने, कोरडी फरशी, शटर ओढलं की जग बाहेर. माझगावात आमच्यासारख्यांचं ‘घरी’ म्हणजे इमारतीचं कंपाउंड. एका बाजूला पाण्याची टाकी, दुसरीकडे स्कूटरची रांग, मध्ये मुलांचं क्रिकेट आणि तळमजल्यावरच्या काकूंच्या खिडकीआड गॅसचा सिलेंडर. इथे बोनेट उघडण्याआधी दोन प्रश्न सोडवावे लागतात. गाडीवर माझा हक्क किती, आणि या जागेवर किती?

पहिल्याचं उत्तर मला सोपं वाटतं. पैसे मोजून घेतलेली वस्तू उघडून बघता येत नसेल, तर ती आपली कशी? २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती या कंपन्या बाहेरच्या गॅरेजपर्यंत पोचू देत नाहीत, असा ठपका होता. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीचा हक्क’ यावर समिती नेमली, त्यातही गाड्या होत्या. मी दिवसभर जे सॉफ्टवेअर लिहितो ते वापरणाऱ्याला उघडता येत नाही. कदाचित म्हणूनच, पान्याने उघडणारी वस्तू मला जास्त आपली वाटते.

शिवाय काम अवघड नाही. आमची गाडी जुनी, डिझेलची. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यायचं, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवायची, खाली ट्रे ठेवायचा, क्लिपा दाबून पाइप काढायचे. नव्या फिल्टरवरचा बाण डिझेलच्या वाहण्याच्या दिशेने ठेवून तो बसवायचा आणि हातपंप दाबत आतली हवा काढायची.

दुसरा प्रश्न काकूंनी विचारला.

“इथेच करायला हवं का रे?”

“काकू, अर्ध्या तासाचं काम आहे. आणि गाडी माझीच आहे ना.”

“गाडी तुझी. आग लागली तर ती कुणाची?”

माझगावात हा प्रश्न भाबडा नाही. १४ एप्रिल १९४४ ला इथून जवळच, व्हिक्टोरिया डॉकमध्ये, ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाला आग लागली. एकाच जहाजावर कापसाच्या गासड्या होत्या, दारूगोळा होता, तेलाची पिंपं होती, सोन्याच्या विटाही होत्या. स्फोटांनी आजूबाजूच्या वस्त्या उद्ध्वस्त झाल्या. आग विझवायला गेलेले ६६ जवान मेले. देशभर १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन त्यांच्याच आठवणीत पाळतात. जहाजावरच्या प्रत्येक मालाला मालक होता. आगीला कुणीच मालक नव्हता, आणि ती ज्यांच्या घरात शिरली त्यांना आधी कुणी विचारलं नव्हतं.

एका फिल्टरची तुलना त्या जहाजाशी करणं अतिशयोक्ती आहे, हे मलाही कळतं. डिझेल पेट्रोलसारखं चटकन पेट घेत नाही. पण किती धोका चालेल हे ठरवताना, तो ज्यांच्या दारात येणार त्यांना विचारायचं की नाही, हा मुद्दा धोक्याच्या आकारावर अवलंबून नसतो. म्हणून मी काकूंना विचारलं. रविवारी सकाळी, त्यांचा स्वयंपाक सुरू होण्याआधी, मुलं खाली उतरण्याआधी, शेजारी वाळूची बादली ठेवून. त्या ‘हो’ म्हणाल्या. नाही म्हणाल्या असत्या तर? तर गाडी मेकॅनिककडे गेली असती. माझ्या हक्काला तेवढी मुरड पडायलाच हवी, असं मला वाटतं.

काम झालं, गाडी सुरू झाली, आणि हातात उरला जुना फिल्टर: काळा, डिझेलने निथळणारा. व्हिडिओ गाडी सुरू झाली की संपतात. फिल्टर घाण अडवतो, नाहीशी करत नाही. तो सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाकला असता, तर दुसऱ्या दिवशी वर्गीकरण करणाऱ्या बाईच्या हाताला तेच डिझेल लागलं असतं, तिला न विचारता. काकूंना विचारायचं आणि तिला नाही, हे कसं चालेल? काकू खिडकीत दिसतात आणि ती दिसत नाही, एवढाच तर फरक.

मी फिल्टर रात्रभर डब्यात निथळत ठेवला आणि डब्यासकट नाक्यावरच्या गॅरेजमध्ये नेला. तिथे वापरलेल्या तेलाचं पिंप असतं, ते न्यायला माणूस येतो. फिल्टर दुसरीकडून घेतला, बदलला मी स्वतः, आणि घाण तेवढी यांच्या दारात. तरी मेकॅनिकमामांनी कुरकुर न करता डबा घेतला. मी पैसे विचारले.

“पिंपाचे कसले पैसे? पुढच्या वेळी फिल्टर आमच्याकडून घे,” ते म्हणाले.

मला हा व्यवहार रास्त वाटला.