शुभेच्छेचा हिशेब

नाताळचें पहिलें छापील शुभेच्छापत्र इंग्लंडांत १८४३ सालीं हेन्री कोल ह्यांनीं जॉन हॉर्सली ह्या चित्रकाराकडून काढविलें. मधोमध पेले उंचावणारें कुटुंब आणि दोहों बाजूंस गरिबांना अन्नवस्त्र देणारे दाते, असें तें चित्र होतें. पण किंमत एक शिलिंग. चित्रांतल्या गरिबाला तें परवडण्यासारखें नव्हतें! हलक्या पत्राचें टपालहंशील मात्र १८४० पासून एकच पेनी होतें. पुढें छपाईही स्वस्त झाली आणि हा रिवाज साध्या घरांतूनही शिरला.

आज तेथें उलट झालें आहे. कित्येकदां पत्राहून तिकीटच महाग पडतें. म्हणून बेताच्या मिळकतीच्या कुटुंबाला डिसेंबरांत यादींतलीं नांवें खोडावीं लागतात. कोणतीं खोडावीं? गतवर्षीं ज्यांचें पत्र आलें नाहीं त्यांचीं, असें व्यवहार सांगतो. परंतु हा न्याय सावकाराच्या वहीचा झाला. उत्तर न देणारा कदाचित् आजारी, वृद्ध, किंवा तिकिटाच्या खर्चासच भिणारा असेल. त्याचें मौन हा नकारही असूं शकेल. पण एका तिकिटाची ही जोखीम माणुसकीनें पत्करावी. मुलांनीं घरींच कागदावर चित्रें काढावीं, शेजाऱ्याचें पत्र त्याच्या हातीं द्यावें, आणि वांचलेलें तिकीट त्या मौन धरणाऱ्याच्या पत्राला लावावें. पैसा मुबलक असतां आपण सर्वांनाच स्मरतों. तो तुटपुंजा असतां कोणाला स्मरतों, ह्यांतच स्नेहाची परीक्षा आहे.