तपासणीची तारीख आणि उद्याची चिंता

चिंता करणे हे अविश्वासाचे लक्षण आहे काय? शब्बाथशाळेच्या वर्गात हा प्रश्न सोपा वाटतो. मुले "होय" म्हणतात आणि आपण पुढच्या धड्याकडे वळतो. परंतु आजाऱ्याच्या घरी बसले असता तो तितका सोपा राहत नाही.

काही काळापूर्वी पेडणे तालुक्यातील एका घरी आम्ही प्रार्थनेसाठी गेलो होतो. घरच्या बाईंना स्तनाचा कर्करोग असल्याचे बायॉप्सीवरून ठरून काही दिवस झाले होते. ती बातमी त्यांनी धीराने सोसली होती. त्या दिवशी मात्र त्यांचे हात थरथरत होते. डॉक्टरांनी आणखी दोन तपासण्या लिहून दिल्या होत्या : हाडांचे स्कॅन, आणि छाती व पोटाचे सीटी स्कॅन. त्या म्हणाल्या, "भाऊ, गाठ आहे हे कळले तेव्हा मी एवढी भ्याले नाही. आता आणखी कुठे काय शोधतात?" आम्ही तत्काळ म्हणालो, "बाई, विश्वास ठेवा, काही निघणार नाही." मग प्रार्थना करून आम्ही निघालो. कोलवाळचा पूल ओलांडून म्हापशाकडे येईतो आम्हांला आमच्याच शब्दांची लाज वाटू लागली. काही निघणार नाही, हे आम्हांला कोणी सांगितले होते? जे वचन देवाने दिले नव्हते ते आम्ही त्याच्या नावाने देऊन आलो होतो. आणि उद्या काही निघालेच, तर दोष कोणाचा? त्या बाईंच्या विश्वासाचा!

म्हणून प्रथम ही जादा तपासणी म्हणजे काय ते नीट समजून घेऊ. अज्ञानामुळे भीती दुप्पट होते. स्तनातील रोग पसरलाच तर तो बहुधा हाडे, फुप्फुसे, यकृत किंवा मेंदू यांकडे जातो. तो तेथे पोहोचला आहे की नाही यावर पुढची उपचाराची वाट ठरते. आधी शस्त्रक्रिया की आधी औषधे, हेही पुष्कळदा त्यावरून ठरते. हाडांच्या स्कॅनसाठी टेक्नेशियम नावाचे किरणोत्सर्गी द्रव्य अल्प प्रमाणात शिरेतून देतात, दोनतीन तास थांबवतात व मग चित्र घेतात. त्या द्रव्याचे तेज दर सहा तासांनी निम्मे होत जाते. पेट स्कॅनमध्ये साखरेसारखे द्रव्य देतात. ज्या पेशी अधिक साखर खातात त्या चित्रात उजळतात. एमआरआयमध्ये किरण नसून चुंबक असते. आवाज मोठा होतो, इतकेच.

आता दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या. पहिली ही की, अधिक तपासणी सांगितली म्हणजे डॉक्टरांना वाईटाची खात्री झाली असे नव्हे. दुसरी ही की, चित्रात दिसलेला प्रत्येक ठिपका कर्करोग नसतो. जुना मुका मार, सांध्यांची झीज, यकृतातील निरुपद्रवी पाण्याची गाठ, फुप्फुसावर राहिलेला जुन्या क्षयाचा व्रण, हे सारे चित्रात उमटते, आणि मग त्याची पुन्हा वेगळी तपासणी करावी लागते. म्हणूनच अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१२ साली असा सल्ला दिला की, रोग अगदी आरंभीचा असून पसरण्याचा धोका कमी असेल, तर पेट, सीटी व हाडांची स्कॅन करू नयेत. तेव्हा एखाद्या भगिनीला ही स्कॅन सांगितली नाहीत, तर तिची हेळसांड झाली असे समजू नये. आणि सांगितली, तर आशा संपली असेही समजू नये. डॉक्टरांना नम्रपणे दोन प्रश्न विचारावे : "या तपासणीतून काय ठरवायचे आहे? तिच्यामुळे माझ्या उपचारात काय बदलेल?" असे विचारणे उद्धटपणा नव्हे.

डिचोलीकडच्या वाचकांना खाणींचा दाखला पुरे. लोखंडाचे खनिज काढण्यापूर्वी जमिनीत खोल भोके पाडून आतली माती तपासतात. भोक पाडल्याने खनिज उत्पन्न होत नाही. असेल ते दिसते, नसेल ते दिसत नाही. स्कॅनचेही तसेच आहे. मनाला मात्र वाटते की, तपासणी झाली नाही तोवर आजार नाही, आणि तपासणीने तो आणला. या समजुतीमुळे किती भगिनी तारीख चुकवतात! गोवा सरकारने २०२१ साली 'स्वस्थ महिला, स्वस्थ गोवा' ही स्तनतपासणीची मोहीम सुरू केली. तपासणी गावाजवळ आली. परंतु बाईला दारापासून तपासणीच्या खोलीपर्यंत नेण्याचे काम सरकार करू शकत नाही. ते शेजारणीचे काम आहे, मंडळीचे काम आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पौलाने फिलिप्पैकरांना चिंताक्रांत होऊ नका असे लिहिले, हे आपण सर्व जाणतो. तथापि त्याच पत्रात तीमथ्य त्यांची मनापासून काळजी वाहील असे तो सांगतो, आणि तेथे मूळ ग्रीक भाषेत तेच क्रियापद आहे. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात आपल्यावर सर्व मंडळ्यांच्या चिंतेचा रोजचा भार आहे असे तो स्वतःविषयी कबूल करतो. शब्द त्याच घराण्याचा. यावरून काय निघते? चिंतेचा स्पर्शही होऊ नये अशी आज्ञा नाही. ज्याच्यावर प्रीती आहे त्याची काळजी वाटणारच, आणि देवाने दिलेल्या जिवावर व लेकरांवर प्रीती असणे हे पाप नव्हे. दोष तेथे आहे, जेथे चिंता मनुष्याला एकटे पाडते, प्रार्थनेपासून व माणसांपासून दूर नेते, आणि आजचे काम हातातून काढून घेते.

गेथशेमाने बागेत आपल्या प्रभूने काय केले? भीती लपवली नाही. एकच मागणे तीनदा मागितले. आणि मित्रांना उपदेश करायला नव्हे, तर जागे राहायला सांगितले. ते झोपले. आम्ही त्या दिवशी पेडण्यात केले ते याहून फारसे निराळे नव्हते. फक्त आमची झोप शब्दांची होती. तसेच हिज्कीया राजाची गोष्ट आठवावी. त्याने रडून प्रार्थना केली, देवाने ऐकले, तरीही गळवावर अंजिराचा लेप लावावाच लागला. प्रार्थना व उपाय यांचे शास्त्रात वैर नाही.

आम्ही पुढच्या आठवड्यात त्या बाईंकडे परत गेलो आणि क्षमा मागितली. त्या हसल्या व म्हणाल्या, "भाऊ, मला उत्तर नको होते. बरोबर कोण येणार ते हवे होते." मग मंडळीतील दोन भगिनी त्यांच्यासोबत गेल्या. त्यांनी प्रश्न कागदावर लिहून नेले, अहवाल कोणत्या दिवशी मिळेल ते आधीच विचारून घेतले, आणि त्या दिवसापर्यंत रोज संध्याकाळी एक जण घरी जाऊन बसली. कोणी भाजी निवडली, कोणी मुलांचा अभ्यास घेतला. आजाराची गोष्ट बाईंनी काढली तरच काढायची, असे ठरले होते. अहवालात बरगडीवर एक ठिपका निघाला. पुन्हा तपासणी झाली, पुन्हा वाट पाहणे आले. अखेर तो जुन्या पडण्याचा मार ठरला.

परंतु येथेच थांबलो तर आम्ही पुन्हा तीच चूक करू. डिचोलीकडच्या दुसऱ्या एका भगिनीच्या अहवालात रोग खरोखरच हाडांपर्यंत गेलेला आढळला. तिचा विश्वास पहिलीपेक्षा कमी होता काय? मुळीच नाही. तिच्यासोबतही माणसे होती, आणि अहवाल उघडताना तिचा हात कोणीतरी धरला होता. उपचाराची वाट बदलली, सोबत बदलली नाही.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना आमची विनंती आहे. उद्याच्या चिंतेचा धडा शिकवाल तेव्हा वर्गात एखादे असे मूल बसलेले असेल, ज्याची आई त्याच आठवड्यात तपासणीला जाणार आहे. चिंता हे पाप आहे एवढेच सांगाल, तर ते मूल घरी जाऊन आईकडे वेगळ्या नजरेने पाहील. त्याला असे सांगा की, उद्याचा भार आज एकट्याने उचलायचा नसतो. मग वर्ग सुटल्यावर हळूच विचारा, "आईची तारीख कधी आहे, बाळ?" आणि त्या दिवशी त्यांच्या दाराशी जा.