काट्यावरचं वजन

दसरा सरला की केज तालुक्यातल्या वाड्या-वस्त्या रिकाम्या होऊ लागतात. मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली जोडपी कोयता, भांडी, लेकरं आणि बैल घेऊन पश्चिम महाराष्ट्रातल्या, कर्नाटकातल्या साखर कारखान्यांकडे ऊस तोडायला निघतात. घरी म्हातारी माणसं उरतात. उन्हाळा लागेपर्यंत बैलांची मान टायरगाडीच्या जुवाखाली.

या बैलांसाठी कायदा आहे आणि तो चांगला आहे. प्राण्यांवरील क्रूरतेला प्रतिबंध करणारा मूळ अधिनियम १९६० चा, ओझ्याच्या जनावरांचे नियम १९६५ चे. दिवसात ९ तासांहून जास्त जुंपायचं नाही, सलग ५ तासांच्या वर तर नाहीच. पारा ३७ अंशांपुढे गेला की दुपारी १२ ते ३ जू उतरवायचं. आर लावलेली पराणी चालत नाही. बैल केवढा, चाक कसलं, यावरून ओझंही ठरवून दिलंय. हे नियम लिहिणाऱ्याने चढावर गुडघे टेकणारा बैल पाहिला असावा.

पण पहिल्या गुन्ह्याला दंड किती, तर १० ते ५० रुपये. कित्येक वर्षं हाच आकडा राहिला. २०१५ पासून मात्र महाराष्ट्रात बैलाची कत्तल केली तर ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बैलाच्या मरणाची एवढी काळजी वाहणाऱ्या राज्याला त्याचा सोललेला खांदा दिसू नये, हे मला फार लागतं.

नुसता दंड वाढवा असंही मी म्हणणार नाही. तो भरणार गाडीवान. त्याची मजुरी टनावर, उचल फिटायची तीही टनांवरच. मग खेप जड भरणारच. पहाटेच्या गारठ्यात मोळ्या बांधणाऱ्या त्याच्या बायकोला तर ९ तासांची मर्यादाही कुणी लावत नाही. बैलाचा भार हलका करायचे उपाय नाहीत असं नाही. २०२२ मध्ये इस्लामपूरच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांनी गाडीला पुढे आधाराचं चाक बसवून मानेवरचा भार हलका करून दाखवला. असं चाक गाडीवानाने उचलीच्या पैशातून घ्यायचं का?

तोडणीचा दर असा हवा की हलकी खेपही परवडावी. आणि जास्त भरलेली गाडी आत घेणाऱ्या कारखान्याला जाब विचारायला हवा. पुराव्यासाठी रानोमाळ हिंडायची गरज नाही. गेटवर प्रत्येक गाडी काट्यावर चढते, वजनाची पावती निघते, आणि तोच आकडा कारखान्याच्या दप्तरात रोज नोंदला जातो.