सोबत्याने कोणाच्या बाजूस उभे राहावे?

दिवेघाट चढताना नवख्या वारकऱ्यास खरा धीर देतो तो मागल्या वर्षी त्याच चढावर धापा टाकीत बसलेला माणूस. तेथे उपदेश कामास येत नाही. ‘मीबी इथंच बसलो होतो माउली, चला हळूहळू,’ एवढे बोलणे पुरते. दारूपायी ज्यांचे घर मोडले आणि ज्यांची लेकरे बालगृहात गेली, त्यांस सोबत कोणी करावी याचा विचार करताना आम्हांस हा घाट आठवतो.

१९३५ साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन गावी दारू सुटलेला बिल नावाचा गृहस्थ बॉब नावाच्या मद्यपी डॉक्टरास भेटला. आपणच पुन्हा पिऊ नये म्हणून तो बोलावयास माणूस शोधीत होता. त्या भेटीतून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस उभी राहिली, व १९५७ मध्ये ती मुंबईस आली. पुण्यास डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये काढलेल्या मुक्तांगणातही व्यसनातून बाहेर आलेले लोक नव्यांना हात देतात. वारकरी एकमेकांच्या पाया पडतात, तेथे थोरला-धाकटा उरत नाही; हे नाते त्याच जातीचे.

परंतु येथे तिसरा एकजण आहे, तो म्हणजे मूल. गोरोबाकाकांची कथा कीर्तनात ऐकताना आपले डोळे भरून येतात. काका नामात रंगले होते, दारूशी त्याची बरोबरी करणे पाप होईल. पण त्यांचे लेकरू पांडुरंगाने परत दिले. आमच्या चाळीत पायांखाली आलेले लेकरू परत कोण देणार?

घाटकोपरच्या डोंगरावरील एका वस्तीतली गोष्ट. बाप पिऊन पडलेला, आई रात्रपाळीस, दोन पोरे दाराबाहेर. शेजारणीने १०९८ वर फोन केला. ही फोनसेवा १९९६ साली मुंबईतच सुरू झाली. २०१५ च्या बालन्याय कायद्याप्रमाणे अशा मुलांस २४ तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे न्यावे लागते. मुलास संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय, असेही तोच कायदा सांगतो; पण त्या घरात तेव्हा दुसरा उपाय दिसत नव्हता. पोरे बालगृहात गेली.

त्या बापास एक सोबती मिळाला. त्याची स्वतःची मुलेही पूर्वी अशीच गेली होती व परत आली होती. तारखेस बरोबर जाणे, कागद वाचून दाखविणे, पगाराच्या दिवशी गुत्त्यावरून न येता दुसऱ्या गल्लीने घरी आणणे, हे तो करी. त्या माउलीला ‘वहिनी, जेवलात का?’ एवढे विचारणारा तोच एक. चार महिने बरे गेले. मुले घरी द्यावयाची की नाही हे ठरण्याच्या आदल्या रात्री बाप पुन्हा प्याला. सकाळी म्हणाला, ‘दादा, आजच्यापुरतं पोटात घाला. पोरं आली की सोडतोच बघा.’

सोबत्याने पोटात घालावे काय? आमच्यातील काहींचे म्हणणे, विश्वासाने सांगितलेले फोडणे हा द्रोह. त्यात तथ्य आहे. सोबती जर खबऱ्या झाला तर उद्या त्याच्याजवळ कोणी मन मोकळे करणार नाही. परंतु पोटात घातलेल्या गोष्टीचा भार कोणावर पडतो हे पाहिले पाहिजे. आपल्यावर पडत असेल तर खुशाल सोसावा. तो सात वर्षांच्या पोरीवर टाकण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? म्हणून पहिल्याच दिवशी स्पष्ट बोलून घ्यावे: तुझे सारे माझ्याजवळ राहील, लेकरांच्या जिवाचे मात्र राहणार नाही. हे आधी न सांगता मग ऐन वेळी तोंड उघडणे, हा खरा द्रोह होय.

त्या सोबत्याने हे आधी सांगितले होते. तो म्हणाला, ‘तूच सांग. मी शेजारी उभा राहतो. नाही सांगितलंस तर मला सांगावं लागेल.’ बापाने सांगितले. निर्णय लांबला, पोरे आणखी दोन महिने बालगृहात राहिली. बापाने त्यास नको ते बोलून घेतले. त्या माउलीनेही आठवडाभर अबोला धरला. तरी हा गडी रोज संध्याकाळी दाराशी जाऊन उभा राही. आम्हांस वाटते, खरे बोलण्याहून हे उभे राहणे कठीण. ते नसते तर त्याचे खरे बोलणे नुसता निवाडा ठरले असते.

पोरे आता घरी आहेत. बाप अधूनमधून डगमगतो, हे लपवावयाचे कारण नाही.

अशा घरांतील आयाबापड्यांना बसावयास जागा नसते. आमच्या भजनी मंडळाची खोली गुरुवारी संध्याकाळी रिकामी असते. किल्ली त्या सोबत्याकडे द्यावी असे आम्ही ठरविले आहे. प्यालेला माणूस वीण्याजवळ बसेल, अशी दोघा वडीलधाऱ्यांची हरकत आहे. ती अजून गेलेली नाही.