सहा महिने

आमच्या एका स्नेह्याचं लग्न लावायला भटजींना पाऊण तास पुरला. तेच लग्न सोडवायला तो यवतमाळच्या कोर्टात निघाला, तेव्हा मी सोबत गेलो. लग्नात पंगतीला होतो. आता निदान चहाला तरी असावं!

वर्षभर वेगळं राहून झालं होतं आणि संमती दोघांचीही होती. त्यांच्या संसारात एवढं एकमत प्रथमच दिसत होतं. वकीलसाहेब म्हणाले, "कलम १३-ब. अर्ज आज करा, मग सहा महिने थांबा." संमतीची ही सोय १९७६ साली कायद्यात आली.

"लग्नाच्या वेळी कोणी सहा दिवस नाही थांबू देलं ना बाप्पा!" स्नेही कुरकुरला.

मला रखमाबाई आठवल्या. अजाण वयातलं लग्न त्यांनी नाकारलं, तेव्हा १८८७ साली मुंबई हायकोर्टानं बजावलं : नवऱ्याकडे नांदा, नाहीतर सहा महिने तुरुंग. बाईंनी तुरुंगाची तयारी दाखवली.

तेव्हाचे सहा महिने शिक्षेचे, आताचे विचाराचे. पण ज्याचा विचार करून झाला आहे, त्याला हीही शिक्षाच. म्हणून २०१७ साली सुप्रीम कोर्टानं म्हटलं, समेटाची आशाच नसेल तर ही मुदत माफ करता येईल. आता आशा उरली आहे की नाही, हे कुणी ठरवायचं?

बाहेर बाकावर वहिनी बसल्या होत्या. स्नेह्यानं चहा सांगितला, "तीन. त्यातला एक बिनसाखरेचा."

वहिनींनी तो मुकाट्यानं घेतला. मुदत माफ करून घ्यायची का, हे वकीलसाहेबांना विचारायचं मग राहूनच गेलं.