नांगराचा वळसा

आयर्लंडच्या क्लेअर परगण्यात लाटून येथे हमरस्त्यालगत कुंपण घालून एक काटेरी झाड राखले आहे. झाड हॉथॉर्नचे. १९९९ साली नव्या रस्त्यासाठी ते तुटणार होते. एडी लेनिहन या कथेकऱ्याने त्याविरुद्ध जाहीर आवाज उठवला. मन्स्टर प्रांतातले अदृश्य लोक कॉनॉट प्रांतातल्या अदृश्य लोकांशी लढायला निघताना याच झाडापाशी गोळा होतात. ते तोडले तर रस्त्यावर माणसे मरतील, असे त्याचे म्हणणे. रस्ता झाला, झाडही राहिले. २००२ मध्ये कोणीतरी करवतीने त्याच्या फांद्या उतरवल्या, तर त्याला पुन्हा धुमारे फुटले.

अंधश्रद्धा म्हणून याकडे पाठ फिरवणे मला पटत नाही, आणि प्राचीन गूढ ज्ञान म्हणून हात जोडणेही पटत नाही. श्रद्धेची पारख करताना मी आधी एकच विचारतो: तिची किंमत कोण मोजतो?

हॉथॉर्न गुलाबाच्या कुळातला. मे महिन्यात तो पांढऱ्या फुलांनी लगडतो. फूल हातात घेऊन पाहिले, तर पाच पाकळ्या आणि मधोमध गुलाबी परागकोशांचे ठिपके. नाकाशी नेले की गोडसर वासाखाली कुजका दर्प येतो. त्यात ट्रायमिथिलअमीन असते. मांस सडू लागले की तयार होणारे हेच रसायन. ही फुले घरात आणली तर मागोमाग मृत्यू येतो, अशी समजूत होती. प्रेत घरातच ठेवले जाई त्या काळात हा वास कोणाला ओळखीचा नव्हता? दाराबाहेर मात्र हीच फांदी १ मेच्या सणाला शुभ. पवित्र विहिरींच्या काठच्या हॉथॉर्नला लोक आजही चिंध्या बांधतात. चिंधी विरत जाईल तसे दुखणे ओसरेल, हा भाव. झाडाला नवसाची चिंधी बांधणाऱ्या आपल्या माणसांना तो वेगळा समजावून सांगायला नको.

शेतात एकटा उभा असलेला हॉथॉर्न 'सी' लोकांचा, म्हणजे याच अदृश्य लोकांचा. त्यांचे नाव घेत नसत, 'भली माणसे' म्हणत. रात्री आपल्याकडे सापाला 'लांबडे' म्हणतात तसे. हल्ली हे सगळे ड्रुइड या प्राचीन केल्टिक पुरोहितांच्या नावावर खपवले जाते. पण ड्रुइडांनी स्वतः लिहिलेले काहीच आपल्यापर्यंत आलेले नाही, आणि झाडांना महिने वाटून देणारे 'केल्टिक वृक्षपंचांग' रॉबर्ट ग्रेव्ह्जच्या १९४८ सालच्या पुस्तकातून पसरले. जुना धागा हवाच असेल तर तो वेगळा आहे. मध्ययुगीन आयरिश पोथ्यांनी ओघम लिपीच्या ज्या अक्षराशी हॉथॉर्न जोडला, त्या अक्षराच्या नावाचा अर्थच भय.

या भयाने काय केले ते आयर्लंडच्या जमिनीवर दिसते. तिथे मातीच्या गोल बांधांची सुमारे ४५ हजार ठिकाणे नोंदलेली आहेत. हजारएक वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची ही घरवाडी. लोकांनी ती 'त्यांची' वस्ती मानली आणि त्यावरचा हॉथॉर्न तोडला नाही. पुरातत्त्व खाते नव्हते, कायदा नव्हता, तेव्हा या वाड्या धाकाने राखल्या. आपल्या देवराया अशाच टिकल्या.

पण याच धाकाची दुसरी बाजू लपवून चालणार नाही. १८९५ साली टिपररी परगण्यातली ब्रिजेट क्लिअरी ही शिवणकाम करणारी तरुण बाई आजारी पडली. खरी ब्रिजेट 'त्यांनी' नेली, हिला तिच्या जागी ठेवले, असे नवऱ्याच्या मनाने घेतले. नातेवाइकांनी तिला धरून ठेवले, दुधात उकळलेली झाडपाल्याची औषधे तोंडात ओतली. दुसऱ्या दिवशी नवऱ्याने तिला जाळले. त्याला वीस वर्षांची सक्तमजुरी झाली.

झाड वाचवणारी आणि बाई जाळणारी समजूत एकच. म्हणूनच किमतीचा प्रश्न मोलाचा. झाडाला वळसा घालून नांगरणारा शेतकरी स्वतःचे पायलीभर धान्य सोडतो. ब्रिजेटच्या घरात किंमत तिच्याकडून वसूल झाली, तिला न विचारता.

औषधालाही हीच कसोटी लावावी. हॉथॉर्नची पाने, फुले आणि लाल फळे युरोपात हृदयासाठी वापरतात. लहान चाचण्यांत धाप आणि थकवा कमी झाल्याचे दिसले. पण २००८ साली प्रसिद्ध झालेल्या स्पाइस चाचणीत हृदय दुबळे झालेल्या २,६८१ रुग्णांना दोन वर्षे तपासले, तेव्हा हृदयविकाराने मृत्यू, हृदयविकाराचा झटका आणि हृदय आणखी दुबळे झाल्याने रुग्णालयात दाखल होणे यांच्या एकत्रित प्रमाणात औषधाने ठळक फरक पडला नाही. झाड पवित्र आहे म्हणून हा निकाल बदलत नाही. डॉक्टरांना न विचारता चालू औषध सोडून अर्क घेणाऱ्याच्या श्रद्धेची किंमत त्याचे हृदय मोजते; आणि तसे करायला सांगणारा मात्र काहीच मोजत नाही.

म्हणून मला या झाडाचे पावित्र्य अर्कात किंवा मंत्रात शोधावेसे वाटत नाही. ते नांगरलेल्या रानात दिसते. सरळ आलेली तासे झाडापाशी वाकतात, पलीकडे पुन्हा सरळ होतात, आणि मधला तुकडा बिननांगरलेला राहतो. तो तुकडा ज्याने सोडला, त्याने तो स्वतःच्या शेतातून सोडला.